मागे कोणी नाही

"मागे कोणी नाही!" तोकुजीनं बर्फ उपसायच्या लोडरच्या आरशाकडे बोट रोखलं, वायरलेसचं बटण दाबलं आणि ओरडला.

"ऐकलं!" पलीकडून शिमोजोसाहेब म्हणाले. साहेब सहा किलोमीटरवर, कंपनीच्या ऑफिसात, स्टोव्हशेजारी बसले होते. तिथून त्यांना लोडरच्या मागचं सगळं स्वच्छ दिसत असावं.

तोकुजीला दिसत नव्हतं. आरशावर बर्फाची जाड साय धरली होती. त्यानं लोडर मागे घेतला, बकेटमधला बर्फ बाजूच्या ढिगावर ओतला आणि पुन्हा मित्सुए आजींच्या फाटकाकडे वळला. रस्ता साफ करताना लोडर त्यांच्या फाटकापुढे रोज कमरेएवढी भिंत रचून जायचा. ब्याऐंशी वर्षांच्या बाईनं ती फोडायची कशी? म्हणून सकाळी दहाच्या फेरीला तोकुजी ती भिंत स्वतः उचलून द्यायचा. हे कामात धरलेलं नव्हतं. त्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

बर्फ पडायला लागून आज एकोणिसावा दिवस. जोडीदार ओइकावा पाठ धरल्यामुळे पहिल्याच दिवसापासून घरी आडवा होता. एरवी तो खाली उभा राहून हातवारे करायचा. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गावात असाच एक लोडर मागे येताना एका म्हाताऱ्यावर चढला. तेव्हापासून नियम झाला: एकटा असलास तर मागे घेण्याआधी खाली उतर, मागे फेरी मार, बोट दाखवून मोठ्यानं म्हण, वायरलेसवर ऐकव, मगच घे. पहिले चार दिवस तोकुजी उतरला. पाचव्या दिवशी गुडघ्यानं नकार दिला. बोट आणि आवाज मात्र शाबूत होते, आणि ऑफिसला फरक कळायचं काही कारण नव्हतं.

मागे घेताना वाजणाऱ्या भोंग्याला तर दुसऱ्याच आठवड्यात चिंध्या बांधल्या गेल्या. तक्रार कोणीच केली नव्हती. चार घरांनी मुळ्याचं लोणचं आणून दिलं आणि जाता जाता, बाळ पहाटे दचकून उठतं, एवढंच सांगितलं.

पहिले चार दिवस मित्सुए आजीही भेटायच्या. तो मागे फेरी मारायला उतरला की वाकून आभार मानायच्या. मग दिसेनाशा झाल्या. एवढ्या थंडीत बाहेर यायचं नाही, हे उशिरा का होईना कळलं बाईंना, असं म्हणून तोकुजीला हायसं वाटलं होतं.

शेवटची बकेट भरली. डोळ्यांवर झापड येत होती, म्हणून त्यानं थंडीमुळे रोज बंद असणारी बाजूची काच चार बोटं उघडली. गार वाऱ्यानं कान झणझणले. बोट वर गेलं.

"मागे कोणी नाही!"

"ऐकलं!" साहेब म्हणाले.

"कोणी नाही!" मागून एक बारीक, नम्र आवाज आला.

तोकुजीचा पाय ब्रेकवर इतका जोरात पडला की भाताचे दोन्ही मुटके डब्यासकट खाली गेले. तो उतरला. गुडघ्यानं या वेळी मत दिलं नाही.

मागच्या चाकापासून दोन हातांवर मित्सुए आजी कमरेत वाकून उभ्या होत्या. इतक्या वाकलेल्या, की आरसा पुसलेला असता तरी दिसल्या नसत्या. त्यांच्या पाठीला रस्त्याकडेची बर्फाची भिंत लागली होती, दोन पुरुष उंच, सुरीनं कापल्यासारखी.

"आजी! इथे काय करताय?"

"आभार मानायला आले हो. फाटक बुजलेलं, म्हणून मागच्या दारानं, शेजाऱ्यांच्या अंगणातून आले. पुढे उभं राहिलं तर तुमच्या कामात लुडबूड."

"अहो, पण कोणी नाही असं काय ओरडलात? तुम्ही होतात ना!"

आजी संकोचल्या. "तुम्ही एवढं ठासून म्हणालात. कामावरच्या माणसाला खोटं कसं पाडायचं? आणि माशांच्या डब्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं गेली माझी. पुढच्यानं हाक दिली की मागच्यानं तीच म्हणायची. नाही म्हणायची सोयच नव्हती तिथे."

केबिनमधला वायरलेस खरखरला. "तोकुजी, काय रे, थांबलास का? झोपलास की काय?"

तोकुजी कसाबसा वर चढला. "मागे माणूस आहे, साहेब."

साहेब म्हणाले, "असं कसं? आत्ता तर नाही म्हणालास. मी वहीत लिहिलंसुद्धा."

तोकुजीनं इंजिन बंद केलं आणि पुन्हा खाली आला. रस्ता एकदम गप्प झाला.

"माझ्यामुळे बोलणी बसली ना तुम्हाला?" आजी आणखी वाकल्या. "चुकलंच माझं. एरवी या भिंतीत एक खाच होती, तिच्यात उभी राहायची. तुम्ही मागे आलात की आत सरकायची. कालच्या बर्फानं खाच बुजली."

"एरवी?" तोकुजीनं विचारलं. "पण तुम्ही तर यायचं बंद केलं होतंत."

"छे, बंद कसं करीन?" आजी म्हणाल्या. "तुम्ही उतरायचं बंद केलंत. पंधरा दिवस झाले, मी रोज इथूनच उत्तर देतेय."