विटकी चादर

उद्या शिवबाई कायमची पुण्याला लेकाकडं जाणार होती. फ्लॅटमध्ये कुत्री चालणार नव्हती. तिची दोन्ही कुत्री, भुंग्या आणि तांबी, रोज दिवस मावळताना तिच्यासोबत टेकडी चढायची. शेजारची दानेश्वरी त्यांना सांभाळणार होती, पण चार दिवस भाकरी दाखवूनही दोघं तिच्यामागं पाऊल टाकेनात. आज दानेश्वरीही सोबत होती. पौषाच्या वाऱ्यात वर पोचल्यावर शिवबाईनं अंगावरची विटकी चादर काढून दानेश्वरीला लपेटली. “थंडी वाजंल की, मावशी.” “तू उतर. हाक मारू नको.” दानेश्वरी निघाली. कुत्र्यांनी चादर हुंगली, वळून पाहिलं. शिवबाईनं तोंड मावळतीकडं फिरवलं. तिनं परत पाहिलं तेव्हा दोघं चादरीमागं निम्म्या वाटेवर होती. ती एकटीच कुडकुडत उतरली. खाली दानेश्वरीनं पुढं केलेली चादर शिवबाईनं पुन्हा तिच्याच खांद्यावर टाकली. “ऱ्हाऊ दे तुलाच,” कुत्र्यांकडं न बघता ती म्हणाली, “फकस्त धुऊ नको.”