एम्प्टी झालास का?

बायकोला, विनीला, पुरून आल्यावर दोनच दिवसांनी ॲम्ब्रोज शब्दकोशाच्या कचेरीत हजर झाला. इंग्रज माणूस अशा वेळी किटली चढवतो. त्याच्याबरोबर कोशाचं काम करणाऱ्या ब्रायोनीने त्याच्यापुढे चहा ठेवला, साखर जरा जास्तच घातलेला, आणि शेजारी प्रूफ. ते आज संध्याकाळी छापखान्यात जायचं होतं. शब्द होता ‘एम्प्टी’.

याच शब्दावरून दोघांची महिनाभर जुंपली होती. एम्प्टी हा मुळात फुरसतीचा शब्द. हजार वर्षांपूर्वी हाताला काम नसलेला तो एम्प्टी, लग्न न झालेलाही एम्प्टी. भांडी आणि घरं एम्प्टी असणं हा अर्थ नंतर बोकाळला. आपण मराठीत ‘रिकामा आहेस का?’ असं सर्रास विचारतो. इंग्रजांनी मात्र ते केव्हाच टाकून दिलं. अशा मेलेल्या अर्थापुढे कोशात बारीकशी कट्यार काढायची रीत आहे. दिसते थडग्यावरच्या क्रुसासारखी. ब्रायोनी ती काढायची, ॲम्ब्रोज खोडायचा.

“माझी बायको बोलते हा अर्थ. रोज. तिच्या आजीपासून चालत आलाय.”

“तुझी बायको म्हणजे अख्खं इंग्लंड नव्हे, बाबा!”

“बोलणारा एक जरी जिवंत असला तरी अर्थ जिवंत. तो मेला की काढ खुशाल कट्यार.”

असं तो भांडणाच्या भरात बोलून गेला होता. आता ते दोघांनाही आठवत होतं.

खोटं काही नव्हतं त्यात. रोज पाचला त्याच्या टेबलावरचा फोन वाजे. विनीचा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू येई, “एम्प्टी झालास का रे?”

“एवढा एक शब्द, विनी,” तो म्हणे. मग आणखी एक. बाहेर अंधार पडे. सगळी कचेरी गालातल्या गालात हसायची.

आज प्रुफावर कट्यार नव्हती. ब्रायोनीने ती काढलीच नव्हती. “राहू दे असंच,” ती म्हणाली. “तुझंच खरं.”

“कीव करून कोश होत नाही, ब्रायोनी.”

दिवसभर त्याने कागदाला हात लावला नाही. पाच वाजले. फोन वाजला नाही. कोणी मान वर केली नाही. ॲम्ब्रोजने थोडा वेळ वाट पाहिली. कशाची, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग त्याने पेन्सिलीला टोक काढलं आणि पहिल्या अर्थापुढे कट्यार काढली. नीट, सावकाश.

“एकदाही हो म्हटलं नाही गं तिला,” तो म्हणाला.

त्याने कोट चढवला. दाराशी जाऊन वळला आणि ब्रायोनीकडे नाही, टेबलावरच्या फोनकडे बघत म्हणाला,

“हो. झालो एम्प्टी.”

त्याची पावलं जिन्यावरून खाली गेली. ब्रायोनीने प्रूफ पुढे ओढलं, खोडरबर घेतला आणि कट्यार खोडून टाकली.