तळाच्या माणसाचा एक्स-रे

गुडघ्याची वाटी मधोमध नव्हती. अर्धं बोट बाहेर सरकली होती.

डॉ. नेउस पडद्याजवळ वाकल्या. शस्त्रक्रियेत नडगीचं हाड वरच्या बाजूला कापून, फट उघडून, पट्टी बसवून त्यांनी हा वाकडा पाय सरळ केला होता. खुब्यापासून घोट्यापर्यंत आखलेली रेघ आता गुडघ्याच्या मध्याच्या किंचित बाहेरून जायला हवी होती. ती अजून आतूनच जात होती, जणू हाड कापलंच नव्हतं.

समोर जसिंत बसला होता. वाल्स गावाच्या चौकात सणाला माणसांचे मनोरे रचतात, त्यातला तळाचा माणूस. शेजारी त्याची मुलगी आलोमा. ती त्याच्या खांद्यांवर उभी राहायची. शस्त्रक्रियेपासून परक्या खांद्यांवर उभी राहत होती. तिच्या मांडीवरच्या पिशवीतून कमरेच्या काळ्या शेल्याचं टोक बाहेर आलं होतं. संध्याकाळी तालीम होती.

यंदा उभा राहू का, हे जसिंतनं प्रत्येक भेटीत विचारलं होतं, आणि नेउसनी प्रत्येक वेळी पुढच्या वेळेवर ढकललं होतं. आता ढकलायला जागा उरली नव्हती. रेघ आतून गेली तर हाड पुन्हा कापायचं, आणि मग तळाची जागा कायमची दुसऱ्याची, हे दोघांनाही सांगून झालं होतं.

जसिंत म्हणाला, दुखत तर अजिबात नाही. आलोमानं साक्ष दिली, की बाजाराचा चढ तो तिच्या पुढे चढतो आणि वर उभा राहून तिला गोगलगाय म्हणतो.

नेउसनी शस्त्रक्रियेआधीचा एक्स-रे उघडला. वाटी बरोबर मधोमध. तेव्हा तो काठी टेकून कसाबसा उभा होता. मग नंतरचे सगळे एकेक करून उघडले. प्रत्येकात वाटी बाहेर. आजवर सगळ्यांनी रेघ मोजली होती, वाटीकडे कोणीच पाहिलं नव्हतं.

"पुन्हा काढू," त्या उठल्या. "मी येते बरोबर."

एक्स-रेच्या खोलीत यंत्र चालवणाऱ्या ओरिओलनं नेहमीसारखं सांगितलं, दोन्ही पायांवर भार द्या, हलू नका.

जसिंत उभा राहिला. चवडे बाहेर वळले. गुडघे जरासे वाकले. हात छातीशी आले, खांदे रुंदावले, आणि दवाखान्याच्या अंगरख्याची कॉलर त्यानं दातांत घट्ट धरली.

ओरिओल बटण दाबणार, तोच नेउसनी त्याचा हात धरला. हे दर वेळी असेच उभे राहतात का, त्यांनी विचारलं. ओरिओल कौतुकानं म्हणाला, असेच. इतका स्थिर पेशंट मी दुसरा पाहिला नाही.

दारातून आलोमाला हसू आवरेना. "बाबा, तुझ्या खांद्यावर कोणी नाहीये."

मनोऱ्याखाली दातांत धरायची सवय असलेली कॉलर जसिंतनं सोडली. "भार द्या म्हणाला तो. भार म्हटल्यावर माणूस आणखी कसा उभा राहणार?"

नेउसनी खाली बसून त्याची पावलं आपल्या हातांनी समोर वळवली. गुडघे ताठ करायला लावले, वाट्या पुढे आणल्या. वळलेल्या, वाकलेल्या गुडघ्यात रेघ खोटीच आत सरकते. बेकरीच्या रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतंय, अशी त्यानं तक्रार केली. तसंच राहा, त्या म्हणाल्या.

पडद्यावर पाय उमटला. वाटी मधोमध. नेउसनी रेघ ओढली. ती मध्याच्या किंचित बाहेरून गेली. त्यांनी ती पुसली, पुन्हा ओढली. पुन्हा तिथूनच. कापलेल्या जागी हाड भरून आलं होतं, फट कुठेच दिसत नव्हती.

त्यांनी पडदा दोघांकडे वळवला.

आलोमानं शेला बाहेर काढला. तो बांधायचा म्हणजे एकानं टोक ताणून धरायचं आणि दुसऱ्यानं गोल फिरत त्यात स्वतःला गुंडाळून घ्यायचं. एक टोक तिनं अंगरख्यावरूनच बापाच्या कमरेला लावलं आणि दुसरं घेऊन मागे मागे सरत भिंतीपर्यंत गेली. पण ताण दिला नाही. डॉक्टरबाईंकडे पाहत राहिली. जसिंत हात वर करून थांबला.

नेउस तिच्यापाशी गेल्या. तिच्या हातातलं टोक घेऊन मुठीभोवती गुंडाळलं, मागे रेलल्या, आणि काळा शेला दोरीसारखा ताठ झाला.

"फिरा, जसिंत," त्या म्हणाल्या. "यंदा तळाला तुम्हीच."