हरणीचा मालक

नवऱ्याची गिरणी संपात बंद पडली तेव्हापासून पुतळाबाई लालबागच्या देवळाबाहेर गाय घेऊन बसत. भाविकांना चारा विकून त्यांनी लेकाला वाढवलं. हरणी पहिल्या गायीची पणती. टॉवरसाठी चाळ रिकामी होताना गोशाळेची गाडी दारात आली. गाडीतल्या माणसाने हरणीच्या कानातल्या बिल्ल्यावर यंत्र धरलं. “मालक लवू परब. त्यांनी परवानगी दिलीय.” “लवू माझा झील. गाय माझी हा!” “आजी, नोंद त्यांच्या नावावर आहे.” सरकारी माणसाने बिल्ला मारताना मोबाइल नंबर मागितला, तेव्हा पुतळाबाईंनी लेकाचाच दिला होता. गाडीवाल्यानेच लवूला फोन लावला. “आई, टॉवरमध्ये गाय कुठे बांधणार? गोशाळेत ती सुखात राहील.” गड्यांनी ओढलं, तरी हरणी गाडीच्या फळीवर पाय ठेवेना. “आजी, तुम्हीच चढवा.” पुतळाबाईंनी दावं हातात घेतलं. “चल गो बाय,” म्हणत आधी स्वतः चढल्या. हरणी मुकाट मागोमाग आली.