शनिवार तेल्यांचा घाणा

बैल बसला होता. काळेवाडीच्या ज्यू कम्युनिटी सेंटरच्या पार्किंगमध्ये, धुऊन-पुसून हार घातलेल्या लाकडी घाण्याशेजारी, चारही पाय दुमडून तो निवांत रवंथ करत होता. मुंबईच्या मुख्य समितीचे पाहुणे पहिल्या रांगेत बसून घड्याळ बघत होते. सर्वांत जास्त उपक्रम करणाऱ्या सेंटरला यंदा ढाल मिळणार होती. मागे बॅनर लावला होता : ‘शनिवार तेली : आमचे पूर्वज, आमचा अभिमान. घाण्याचे प्रत्यक्ष प्रात्यक्षिक. शनिवार, सकाळी अकरा.’

सेंटरचे सेक्रेटरी मोझेस नवगावकर. एकतीस वर्षं कंपनीच्या टाइम ऑफिसात काढलेली, त्यामुळे माणूस भेटला की नावाआधी शिफ्ट विचारायची सवय. सेंटर हातात आलं तसं त्यांनी आधी टाइमटेबल केलं. सोमवारी हिब्रूचा वर्ग, मंगळवारी योगा, बुधवारी ज्येष्ठांचा कॅरम, महिन्यातून एकदा केक स्पर्धा. राहता राहिला शब्बाथ. ज्यू लोकांचा हा विसाव्याचा दिवस, शनिवारी असतो. त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही, दहा पुरुष जमवून प्रार्थना करायची. पण शनिवारी निम्मी मंडळी फर्स्ट शिफ्टला. साहेबांनी पेन काढलं आणि शब्बाथ गुरुवारी लावला, कारण इकडच्या कंपन्यांना सुटी गुरुवारी. हजेरी लगेच वाढली. खुद्द देवाची शिफ्ट बदलून देणारा टाइमकीपर दुसरा नसेल. शनिवार मोकळा झाला, तो झुंबाला दिला.

कुरकुर केली ती एकट्या सिपोराबाई अष्टमकरांनी. वय शहाऐंशी. अकरा महिने त्या दर आठवड्याला काठी टेकत दोन जिने चढायच्या आणि एकच मागणं मागायच्या. “मोझेस, मरायच्या आधी एक शनिवार दे रे मला. शनिवारचा शब्बाथ. दहा जण नाही जमले तर राहू दे. दोघं-तिघं चालतील. नुसते बसू.”

साहेब वही उघडून बोट फिरवायचे. “मावशी, शनिवारी झुंबा आहे.”

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी बाईंना जिने चढायला बंदी केली. आपल्याकडे फार शनिवार उरलेले नाहीत, हे त्यांना पक्कं कळलं होतं. आज त्यांना खाली खुर्ची टाकून बसवलं होतं, कारण त्यांच्या आजोबांचा कोकणात घाणा होता आणि बॅनरवर बाईंचा फोटो होता.

“भैरूभाऊ, जुंपा आता,” साहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

भैरू हा घाण्याचा आणि बैलाचा मालक. चाकणच्या पलीकडून दोघांना टेम्पोत घालून आला होता. तो जागचा हलला नाही.

“न्हाई जमायचं, सायेब. आज शनवार हाय.”

“मग काय झालं?”

“आमच्या पणज्यानं ह्यो घाणा पेणच्या एका तेल्याकडनं घेतला. तुमच्यातलाच व्हता. त्यानं शब्द घेतला व्हता, शनवारी बैल जुंपायचा न्हाई. तवापासनं आमी कदी जुंपला न्हाई.”

“अहो, मग आलात कशाला?”

“तुमीच फोनवर म्हणाला, शनवार तेल्यांचा घाणा दावायचा हाय. शनवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून तर गाव त्यास्नी शनवार तेली म्हणायचं. मला वाटलं, बंद घाणा दावायचा आसंल.”

मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पण ऑपरेटर गैरहजर म्हणून लाइन बंद ठेवायची, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं.

“बदली लावा,” ते म्हणाले.

सेंटरच्या वारसा समितीचे नऊ जण बाह्या सरसावून पुढे आले. दहावे साहेब स्वतः. कोणी घाण्याचं आडवं लाकूड छातीशी धरलं, कोणी मागून रेटा दिला, आणि घाणा करकरत फिरू लागला. तिळाचं तेल ठिबकलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल वर झाले. ढाल आता काळेवाडीलाच येणार, असं साहेबांना वाटायला लागलं.

सिपोराबाईंनी बोटांवर मोजलं. दहा. शनिवारी सकाळी काळेवाडीत दहा पुरुष जमतात, हे त्यांना आज कळलं. फार वाईट वाटलं त्यांना. मग काठी घेऊन उठल्या. भैरूनं न सांगता त्यांची खुर्ची उचलली आणि त्या दाखवतील तिथे, बैलाच्या तोंडाशी नेऊन ठेवली. बाई बसल्या, डोक्यावर पदर घेतला.

“शब्बाथ शालोम,” त्यांनी बैलाला शब्बाथचा नमस्कार केला. बैलानं कान हलवला.

साहेब घामाघूम होऊन पाचवी फेरी मारत होते. “मावशी,” ते धापा टाकत म्हणाले, “फोटो चाललेत. तिकडे काय करताय?”

“बसलेय. अकरा महिने विचारत होते, शनिवारी माझ्याबरोबर बसायला कोणी आहे का. आज एक जण मिळाला.”