गांडुळांचा निरोप

हेमलताबाईंनी पपईच्या साली पेटीत टाकल्या तशी गांडुळं वर आली. दुसऱ्या कुणाच्या हातचं ती खातच नसत. समुद्रातली मासळी संपल्यावर घराघरांत अशी पेटी आली. तळमजल्यावरच्या टाकीतले मासे या गांडुळांवर जगत आणि अख्खी इमारत त्या माशांवर. म्हणून गांडुळांना खाऊ घालायला हेमलताबाईंना सात वर्षं रोज सहाच्या आत घरी यावं लागत होतं. यातून सुटून कायमचं जायचं असेल तर नोंद ठेवणाऱ्या बोलक्या दाराला तसं सांगायचं. दार ते वर्षातून एकदाच विचारी.

"आई, या वेळी तरी 'येते' म्हणू नकोस," त्यांना आपल्या गावी न्यायला आलेली मुलगी केतकी बॅग उचलत म्हणाली. "दोन वर्षं तेच केलंस. तुझी नात शाळेत जायला लागली, तिने तुला अजून पाहिलेलं नाही."

"अगं, घरातून निघताना 'जाते' कसं म्हणायचं? अभद्र वाटतं."

"दाराला काय कळतंय त्यातलं? ते शब्द धरून बसतं."

तेवढ्यात दाराने विचारलं, "परत येणार का?"

हेमलताबाईंनी डोळे घट्ट मिटले. "जाते."

दार उघडलं. केतकी आनंदाने जिना उतरू लागली. तिच्या मागोमाग बाई उंबरा ओलांडणार, एवढ्यात पेटीत सळसळ झाली. त्यांनी वळून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून हळूच निघून गेलं, "येते हं."

"नोंद बदलली," दार म्हणालं. "सहाच्या आत या."

जिन्यात केतकीने बॅग खाली ठेवल्याचा आवाज आला.