तात्यांची खुर्ची

“चौथी खुर्ची कुठे आहे?” माईंनी विचारलं आणि मांडलेल्या तीन खुर्च्यांपैकी एकीवरही बसायला साफ नकार दिला.

मालिका संपून वीस वर्षं झाली, म्हणून वाहिनीने ती जुनी बैठकीची खोली स्टुडिओत पुन्हा उभी केली होती. तीन भिंती, हिरवी दारं, खिडकीमागे रंगवलेलं आकाश. समोर दोनशे प्रेक्षक येऊन बसले होते. चौघांच्या घरातले तिघेच मात्र आले होते: माई, थोरला आणि धाकटी. मालिकेतली ही नावं त्यांना अशी चिकटली होती की बँकेतला कारकूनसुद्धा माईंना माईच म्हणायचा. माईंचे मालिकेतले यजमान, तात्या, तेवढे नव्हते.

कार्यक्रमाची निर्माती तिशीतली, गळ्यात हेडफोन अडकवलेली मुलगी होती. तात्यांना जमणार नव्हतं, एवढंच ती म्हणाली आणि हातातल्या कागदांत बघू लागली.

माईंना हे पटण्यातलं नव्हतं. वाहिनी कलाकारांना सोळा सोळा तास राबवते, असं तात्यांनी एकदा वर्तमानपत्रात सांगून टाकलं होतं. तेव्हापासून वाहिनीने त्यांच्यावर दात धरला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता आठवणींच्या कार्यक्रमातूनही त्यांना खड्यासारखं बाजूला काढलं असणार.

माई तडक मेकअपच्या खोलीत परतल्या. मागोमाग थोरला आणि धाकटी. तात्या नाहीत तर मीही नाही, असं माईंनी जाहीर करून टाकलं आणि पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

थोरला आता स्वतःच पन्नाशी ओलांडलेला, पण माईंपुढे त्याचं अजूनही फारसं चालायचं नाही. त्याने समजूत घालून पाहिली, आणि घालता घालता त्यालाच तात्या आठवायला लागले. पहिल्या आठवड्यात तात्या एका वाक्यापाशी थबकले होते. माईंनी ते वाक्य स्वतःच बोलून प्रसंग तारून नेला होता. पुढे ते रोजचंच झालं. तात्यांनी तोंड उघडावं, तोवर माईंचं बोलून झालेलं असायचं.

“अडकले की काय, अशी धास्तीच वाटायची मला,” माई म्हणाल्या.

धाकटीला थोरला घर सोडून जातो तो प्रसंग आठवला. त्यात तात्या रडणार, असं लिहिलेलं होतं. पण ऐन वेळी माईंनाच असं रडू फुटलं की कॅमेरा त्यांच्याकडे वळला तो वळलाच. त्या वर्षीचं बक्षीस माईंना मिळालं. त्यांनी मंचावरून तात्यांचे आभार मानले, तेव्हा तात्या अगदी मागे, दारापाशी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

तात्यांसाठी माई लेखकांशीही भांडल्या होत्या. त्यांना धाप लागू नये म्हणून त्यांची लांबलचक भाषणं माईंनी स्वतःकडे घेतली. शेवटच्या दोन वर्षांत तर तात्यांना पेपर वाचत बसण्यापलीकडे कामच उरलं नव्हतं. हा लेखकांचा नालायकपणा होता, असं माईंचं ठाम मत होतं, आणि ते त्यांनी लेखकांना तोंडावर सुनावलंही होतं.

“नऊ वर्षांत त्या माणसाने कधी आवाज चढवला नाही,” त्या म्हणाल्या. “आणि त्यालाच हे लोक विसरतात.”

माईंनी लग्न केलं नव्हतं. जो काही संसार झाला तो त्या तीन भिंतींत झाला. तात्यांवर त्यांचा जीव होता आणि त्यांनी तो कधी लपवला नव्हता. वीस वर्षांत तात्यांचा एकही फोन आला नाही. पण माणूस मुळातच अबोल, म्हणून माईंनी ते मनाला लावून घेतलं नाही. आज भेटतील, म्हणून सकाळी आरशासमोर तासभर गेला होता.

निर्माती दारात आली. प्रेक्षक चुळबुळ करताहेत, म्हणाली. कार्यक्रम झाल्यावर ती माईंना सगळं सांगणार होती, पण फक्त त्यांना, एकट्यात.

“एकट्यात का? चारचौघांत सांगायची लाज वाटते?”

माई उठल्या. थोरला आणि धाकटी एकमेकांकडे बघत उठले. आता माघार घ्यायची नाही, हे तिघांचं न बोलता ठरलं होतं.

माई थेट दिव्यांच्या उजेडात जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी माईक उचलला. या घरातल्या एका माणसाला खरं बोलल्याची शिक्षा मिळते आहे, असं त्यांनी दोनशे लोकांना सांगितलं. ते येईपर्यंत आम्ही तिघं बसणार नाही, आणि ते येणार नसतील तर आम्ही घरी जाणार. लोक उभे राहिले. कोणीतरी तात्यांच्या नावाने ओरडलं, मग सगळेच ओरडायला लागले. माईंना वीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

निर्माती धावत मंचावर आली. “माई, राहू द्या ना,” ती हळूच म्हणाली. “तुमच्यासाठीच म्हणतेय.”

“माझी काळजी नको. त्यांना का नाही बोलावलं, ते या लोकांना सांग.” माईंनी माईक तिच्या हातात कोंबला.

मुलीने थोरल्याकडे पाहिलं. त्यानेही मान हलवली, सांग म्हणून. आरडाओरडा हळूहळू थांबला.

“तात्यांना आम्ही सगळ्यांत आधी बोलावलं होतं,” ती म्हणाली. “ते म्हणाले, आनंदाने येतो. फक्त माईंना बोलावू नका.”